आठ रात्री, तीन वादक

‘परक्या अंगणातील दिवे’ हा विषय मुक्रर करून संपादकांनी लेख मागविला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एखाद्या बौद्ध विहारातील दीपोत्सव किंवा एखाद्या जुन्या चर्चमधील नाताळच्या मेणबत्त्या असाव्यात. मी ज्या दिव्यांच्या शोधात गेलो, ते न्यूयॉर्क शहरात डिलॅन्सी रस्त्यावरील एका जुन्या इमारतीत, विजेच्या गिटारी, ॲम्प्लिफायर आणि पायांत गुंतणाऱ्या तारा यांच्या पसाऱ्यात, डिसेंबरच्या सुमारास ओळीने आठ रात्री लागतात. आणि ते लावणारी तिघांची मंडळी चाळीस वर्षे रॉक संगीताचा व्यवसाय नेमस्तपणाने, कसलीही खळबळ न माजविता, करीत आलेली आहे. मंडळीचे नाव यो ला टेंगो. आयरा कॅपलन गिटार आणि ऑर्गन वाजवितात, त्यांच्या पत्नी जॉर्जिया हबली ड्रम वाजवितात, जेम्स मॅकन्यू बेस गिटार सांभाळतात, आणि गातात तिघेही.

माझा मुक्काम जर्सी सिटीत मावसबहिणीकडे होता. मी कशासाठी आलो आहे हे ऐकून ती म्हणाली, “इतकी वर्षं मी इथे राहतेय, पण हे नाव कधी कानावर आलं नाही बघ. गाण्याचा बँडच आहे ना? मला आपलं वाटलं, मेक्सिकन हॉटेल असेल.” तिचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांची जी साप्ताहिक यादी प्रसिद्ध होते, तिच्या वरच्या पायऱ्यांवर या मंडळीचे एकही गाणे कधी चढलेले नाही. क्रीडांगणे भरविण्याचा त्यांचा लौकिक नाही. त्यांच्या खासगी आयुष्याच्या बातम्या होत नाहीत. आणि तरीही १९८४ पासून आजतागायत त्यांचा चरितार्थ संगीतावर चालला आहे, ध्वनिमुद्रिका निघत आहेत, दौरे होत आहेत. ज्या धंद्यात चार-पाच वर्षांत भले भले नामशेष होतात, तेथे हे कसे साधले, याचे मला कुतूहल होते. आणि त्याचे उत्तर गाण्यांइतकेच त्या गाण्यांच्या भोवतालच्या बंदोबस्तात सापडेल, असा माझा अंदाज होता.

आठ रात्रींचा शिरस्ता

हानुका हा ज्यू लोकांचा सण आपल्या दिवाळीसारखाच चांद्रमासाने ठरतो, म्हणून इंग्रजी पंचांगात तो दरवर्षी मागेपुढे सरकतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, परकीय सत्तेने भ्रष्ट केलेले जेरुसलेमचे मंदिर मक्कबी वीरांनी परत मिळविले, तेव्हा एका दिवसापुरते असलेले पवित्र तेल आठ दिवस पुरले, अशी त्यामागील कथा. त्या स्मरणार्थ पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे करीत आठव्या रात्री आठ दिवे लागतात, आणि ते लावण्याकरिता आणखी एक नववा, सेवकाचा दिवा असतो. मराठी वाचकाला येथे आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल आठवल्यावाचून राहणार नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव पडलेले, मराठी बोलणारे हे ज्यू. ते पिढ्यान् पिढ्या तेल गाळीत असूनही तेलाच्या चमत्काराचा हा सण मात्र त्यांच्या मूळच्या सणांत नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्यात आला. आपले पूर्वज मंदिराच्या त्या घटनेपूर्वीच स्वदेश सोडून निघाले होते, असे स्पष्टीकरण त्यांच्या परंपरेत दिले जाते.

कॅपलन ज्यू आहेत. पण २००१ साली त्यांनी हा उपक्रम सुरू केला तो धर्माचरण म्हणून केला, असे त्याचे स्वरूप पाहून वाटत नाही. आरंभी तो न्यू जर्सीतील होबोकेन गावी मॅक्सवेल्स या मद्यगृहात होई. अधूनमधून एखादे वर्ष खाडा पडे. ती जागा गेल्यावर काही वर्षे तो बंद राहिला आणि २०१७ पासून नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये, बॉवरी बॉलरूम या सभागृहात पुन्हा सुरू झाला. नियम थोडे, पण काटेकोर. प्रत्येक रात्री आधी कोणीतरी पाहुणा बँड वाजवितो आणि तो कोण, हे तिकीट घेणाराला आगाऊ कळत नाही. मग एखादा विनोदी नकलाकार पंधरा-वीस मिनिटे बोलतो. मग यजमान येतात. रंगमंचावरील मेनोरा या नऊ दिव्यांच्या समईत त्या त्या रात्रीच्या हिशेबाने दिवे लागतात. प्रत्येक रात्रीचे उत्पन्न निराळ्या धर्मादाय कार्याला जाते. आणि गाण्यांची यादी रोज नवी, पुनरुक्ती शक्य तितकी टाळलेली.

शेवटचा हा नियम वाचताना सोपा वाटतो. त्यामागची मेहनत वादकालाच उमगेल. बहुतेक रॉक मंडळ्या दौऱ्यावर निघताना वीसेक गाणी बसवितात, प्रकाशयोजना त्यांना जखडून टाकतात आणि गावोगाव तोच प्रयोग करतात. येथे आठ रात्री पुरतील इतकी गाणी तिघांच्या हातांत सदैव तयार असावी लागतात: स्वतःची पंधरा-सोळा दीर्घ ध्वनिमुद्रिकांतील, आणि इतरांची तर मोजदाद नाही. शिवाय पाहुण्यांना शेवटी रंगमंचावर बोलावून त्यांच्यासोबत त्यांच्या पसंतीची गाणी वाजवायची, हाही रिवाज आहे; म्हणजे दुपारी जुजबी तालीम आणि रात्री प्रयोग. सन रा या थोर जॅझ संगीतकाराच्या पश्चात त्याचा ‘आर्केस्ट्रा’ चालविणारी वृद्ध-तरुण मंडळी, चमकदार झगे घालून, एकाहून अधिक वेळा येथे आली आहे.

मी गेलो त्या रात्री रांग पदपथावरून कोपरा वळून गेली होती. १९२९ च्या सुमाराची ती इमारत. तळघरात मद्याचा बार, वर पावणेसहाशे माणसे उभी राहतील असा दिवाणखाना आणि तिन्ही बाजूंनी सज्जा. गर्दीत पिकल्या केसांची माणसे पुष्कळ, पण सगळीच तशी नव्हेत. माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कोणते गाणे कोणाचे आहे हे दबक्या आवाजात सांगत होती, आणि मुलगी दर वेळी “ठाऊक आहे” म्हणत होती. आपापल्या ॲम्प्लिफायरमागून तिघे आले तेव्हा टाळ्या पडल्या, पण कोणी किंचाळले नाही. जॉर्जियाबाई ड्रमच्या मागे बसल्या, लोकरीच्या गोळ्यांच्या काठ्या उचलल्या, आणि पहिले गाणे इतक्या हलक्या आवाजात सुरू झाले की बारवरील पेल्यांचा किणकिणाट ऐकू येऊ लागला.

अकराव्या रस्त्याचा नाका

दुसऱ्या दिवशी मी होबोकेनला गेलो. हडसन नदीच्या पश्चिम काठावरील हे गाव जेमतेम एक चौरस मैलाचे. पलीकडे मॅनहॅटनचे उंच मनोरे, आणि नदीखालून जाणारी गाडी दहा-पंधरा मिनिटांत तेथे पोचविते. वॉशिंग्टन स्ट्रीट हा गावाचा मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली विटांची घरे, खाली दुकाने. स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट या अभियांत्रिकी विद्यालयात आपल्याकडची मुले पुष्कळ असल्यामुळे त्या रस्त्याने उत्तरेकडे चालताना मधूनच अस्सल पुणेरी मराठी कानावर पडते.

अकराव्या रस्त्याच्या नाक्यावर दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. एक म्हणजे १९ जून १८४६ या दिवशी या भागात, एलिझियन फील्ड्स नावाच्या मैदानावर, बेसबॉलचा एक प्रारंभीचा ऐतिहासिक सामना झाला, असे सांगणारे स्मारक. दुसरी म्हणजे नाक्यावरची ती इमारत, जिच्यात १९७८ ते २०१३ पर्यंत मॅक्सवेल्स होते. योगायोग असा की यो ला टेंगो हे नावही बेसबॉलमधलेच आहे. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स हा संघ नवा निघाला आणि त्याने त्या एका हंगामात १२० सामने हरण्याचा पराक्रम केला. उंच उडालेला झेल घेताना मध्यक्षेत्रातील रिची ॲशबर्न आणि व्हेनेझुएलाचा एलिओ चाकोन हे एकमेकांवर आदळत. चाकोनला इंग्रजी येत नसे. म्हणून ‘माझा झेल’ या अर्थाचे स्पॅनिश शब्द ॲशबर्नने पाठ केले. ते ओरडताच चाकोन बाजूला झाला, आणि स्पॅनिश न समजणारा तिसराच खेळाडू धावत येऊन ॲशबर्नला धडकला. अशा अपयशी संघाच्या या फजितीतून ज्यांनी आपले नाव उचलले, त्यांच्या महत्त्वाकांक्षेचा बेत कितपत मोठा होता, याचा अंदाज वाचकांनी करावा.

नाक्यापासून जवळच नदीकाठी मॅक्सवेल हाउस या कॉफीचा प्रचंड कारखाना होता. तेथील कामगार पाळी संपली की या गुत्त्यात येत, आणि त्यावरूनच मॅक्सवेल्स हे नाव पडले. गोद्यांचे गाव होते हे. १९५४ सालचा ‘ऑन द वॉटरफ्रंट’ हा गोदी कामगारांवरील चित्रपट येथेच चित्रित झाला. पुढे माल लोखंडी पेट्यांतून जाऊ लागला, त्या पेट्यांना लागणारी विस्तीर्ण जागा नेवार्ककडे होती, आणि होबोकेनचे धक्के ओस पडले. घरे स्वस्त झाली; मॅनहॅटनची भाडी न परवडणारे चित्रकार, वादक, लेखक येथे राहावयास आले; आणि त्यांच्या पाठोपाठ, नेहमीप्रमाणे, जमिनीचे व्यापारी आले. सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या आरंभी येथल्या भाडेकरूंच्या इमारतींना एकामागून एक आगी लागल्या, त्यांत डझनावारी माणसे दगावली, ती बहुतांश गरीब प्वेर्तो रिकन कुटुंबांतील होती. रिकाम्या झालेल्या इमारतींचे महागडे गाळे झाले. ज्या स्वस्ताईने संगीताचे हे गाव घडविले, तिची ही दुसरी बाजू झाकून लिहिणे बरे नव्हे.

मॅक्सवेल्समध्ये पुढे बार आणि जेवणाची मेजे होती, मागे संगीताची खोली. स्टीव्ह फॅलन या मालकाने तिला नावारूपाला आणले. माणसे मावत सुमारे दोनशे. रंगमंच इतका बुटका की मागच्या रांगेला वादकांची केवळ डोकी दिसत. पण अमेरिकेच्या दक्षिणेतून वा मध्यभागातून भाड्याच्या गाडीने आलेल्या कोवळ्या मंडळीला येथे जेवण मिळे, ठरलेली बिदागी मिळे, आणि ऐकणारी माणसे मिळत. दौऱ्यावरच्या वादकांना याहून अधिक काही लागत नाही आणि बहुधा याहून कमीच मिळते. आयरा कॅपलन येथे ध्वनियोजना पाहात असत. यो ला टेंगोचा आरंभीचा प्रयोगही या खोलीतच झाला. ३१ जुलै २०१३ रोजी ती बंद झाली. शेवटच्या रात्री वाजविण्यास, आरंभीच्या दिवसांत येथे वाजविणाऱ्या बोंगोज या मंडळीतील वादकांनाच पाचारण केले होते. बंद होण्याची जी कारणे चालकांनी सांगितली त्यांत एक अगदी गद्य होते: येणाऱ्यांना मोटार उभी करावयास जागा सापडेना. कॉफीचा कारखाना त्याच्या वीस वर्षे आधीच बंद झाला होता. त्या जमिनीवर आता नदीचा देखावा असलेल्या श्रीमंत सदनिका उभ्या आहेत.

जाहिरात देऊन जमविलेली मंडळी

कॅपलन मूळचे संगीताचे पत्रकार. ‘न्यूयॉर्क रॉकर’ या नियतकालिकात ते लिहीत. ग्रेनिच व्हिलेजमधील फोक सिटी या जुन्या जागेत ‘म्युझिक फॉर डझन्स’, म्हणजे डझनभरांसाठी संगीत, अशा खोडकर नावाची मैफलमाला चालविणाऱ्यांत ते एक होते. जॉर्जिया हबली या जॉन आणि फेथ हबली या विख्यात व्यंगचित्रपटकार दांपत्याच्या कन्या. मिस्टर मॅगू हे पात्र घडविणाऱ्यांत जॉन हबली प्रमुख, आणि पतिपत्नींच्या लघुपटांना ऑस्कर पारितोषिके मिळालेली. १९६८ सालच्या ‘विंडी डे’ या त्यांच्या चित्रपटात दोन लहान मुलींचे खेळता खेळता चाललेले बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यावर चित्रे काढली आहेत. त्या मुली म्हणजे जॉर्जिया आणि तिची बहीण एमिली. आईबाप एकाच टेबलाशी बसून घरातच काम करतात, मुलांचे आवाज, शेजारपाजार हेच त्या कामाचे साहित्य होते, आणि मोठ्या स्टुडिओच्या चाकरीवाचूनही घर चालते, हे जिने बालपणीच पाहिले, तिला पुढे नवऱ्यासह बँड चालविण्यात काही विलक्षण वाटले नसावे, असा माझा तर्क आहे.

मंडळी जमविण्यास त्यांनी चक्क जाहिरात दिली, आणि तीत सॉफ्ट बॉइज, मिशन ऑफ बर्मा आणि लव्ह या, फार थोड्यांनी ऐकलेल्या, तीन बँडांची आवड असणारा वादक हवा, अशी अट घातली. साहजिकच उमेदवारांची झुंबड उडाली नाही. पहिली ध्वनिमुद्रिका १९८६ साली आली. बेस वाजविणारे येत गेले, जात गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी जेम्स मॅकन्यू हे, वयाने दोघांपेक्षा पुष्कळ लहान असलेले गृहस्थ, तात्पुरते म्हणून आले आणि राहिले. विवाहित जोडपे आणि एक तिसरा, ही रचना वरकरणी नाजूक. प्रत्यक्षात तिने तीस वर्षांहून अधिक काळ काढला. रंगमंचावर पाहिले तर त्याचे एक कारण दिसते. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना तिघेही जागा बदलतात: मॅकन्यू ड्रमवर, जॉर्जियाबाई ऑर्गनवर, कॅपलन बेस घेऊन. कोणाचाच मक्ता कोणत्याच वाद्यावर नाही.

गोंगाट कसा तयार होतो

या संगीतात दोन टोके आहेत आणि नव्या श्रोत्याला ती एकाच मंडळीची वाटत नाहीत. एकीकडे कुजबुजल्यासारखी, अर्ध्या वाक्यांत बोलणारी प्रेमगीते, ज्यांत दीर्घ सहवासातील रुसवे, संकोच, घरी परतण्याची घाई यांखेरीज काही घडत नाही. दुसरीकडे दहा-पंधरा मिनिटे चालणारा गिटारचा प्रलय. वेल्व्हेट अंडरग्राउंड या साठीच्या दशकातील न्यूयॉर्कच्या बँडकडून हा वारसा आला हे उघड आहे. ‘आय शॉट अँडी वॉरहॉल’ या १९९६ च्या चित्रपटात त्या बँडचे सोंग वठविण्यास यांनाच बोलाविले होते.

प्रलयाची रीत समजून घेण्याजोगी आहे. विजेच्या गिटारीच्या तारेचा कंप चुंबकाने टिपला जातो, ॲम्प्लिफायर तो मोठा करतो. वादक कर्ण्याच्या जवळ गेला की कर्ण्यातून निघणारा नाद तारांनाच पुन्हा हलवितो, तो कंप पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, आणि हे चक्र एकदा सुरू झाले की तार न छेडताही स्वर निघत राहतो. आता स्वर कोणता निघेल, हे बोटांवर कमी आणि गिटार कर्ण्यापासून किती दूर व कोणत्या कोनात आहे यावर अधिक अवलंबून असते. म्हणून कॅपलन वाजविताना जे वेडेवाकडे हेलकावे देतात, गिटार कर्ण्यापुढे नेऊन चार बोटे मागे घेतात, ती निव्वळ अंगविक्षेपाची हौस नसून स्वर शोधण्याची क्रिया आहे. मी सज्ज्यातून पाहिले तेव्हा ते प्रेक्षकांकडे पाठ करून, कान कर्ण्याकडे लावून, गिटार तसू-तसूने फिरवीत होते. एका जागी एक तीव्र शीळ आली, ती त्यांनी टाकून दिली. आणखी किंचित वळताच एक भरदार, थरथरणारा स्वर आला, तो मात्र त्यांनी मिनिटभर धरून ठेवला. या सगळ्या काळात मॅकन्यू चार-पाच स्वरांचा एकच बोल अविचल फिरवीत राहतात. तंबोरा बंद पडला तर गवयाची जी गत होईल, तीच त्यांनी हात आवरला तर कॅपलनांची होईल. जॉर्जियाबाईंचा ठेका तर त्याहून संयमी: भरजरी तुकडे नाहीत, झांजेवर हलका हात, आणि लय वाढविण्याचा मोह पूर्ण जिंकलेला. वरचा कल्लोळ ऐकवतो तो खालच्या या दोघांच्या शिस्तीमुळे.

१९९३ सालची ‘पेनफुल’ ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने महत्त्वाची. रॉजर मूटेनॉ हे ध्वनिमुद्रक-निर्माते तेव्हापासून त्यांच्यासोबत आले आणि दीड दशकाहून अधिक काळ राहिले. तिच्यात ‘बिग डे कमिंग’ हे एकच गाणे दोनदा आहे: प्रारंभी ऑर्गनच्या संथ, धुक्यासारख्या स्वरांत, आणि पुढे धडधडत्या गिटारीवर. दोन वर्षांनी आलेल्या ‘इलेक्ट्र-ओ-प्युरा’च्या शेवटी ‘ब्लू लाइन स्विंगर’ आहे. त्यात ऑर्गन आणि ड्रम आरंभी जणू निरनिराळ्या खोल्यांत चाचपडत असतात, हळूहळू एकमेकांना सापडतात, आणि बरीच मिनिटे गेल्यावर गाणे सुरू होते. १९९७ ची ‘आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन’ ही त्यांची सर्वांत वाखाणली गेलेली कृती. माझे स्वतःचे मत २००० सालच्या तिच्या पुढच्या ध्वनिमुद्रिकेकडे झुकते. कीर्ती वाढत असताना आवाज वाढवावा, असा या धंद्याचा दंडक. यांनी तो उलट खाली आणला, आणि शेवटी आपल्या गावावर रात्र उतरत असल्याचे सतरा मिनिटांहून लांब गीत ठेवले. काही पुढच्या ध्वनिमुद्रिकांत, विशेषतः २००३ च्या ‘समर सन’मध्ये, हीच मृदुता मला पचपचीत वाटते; पण फ्रेंच शास्त्रज्ञ-चित्रपटकार झाँ पँलव्हे यांच्या समुद्रजीवांवरील मूकप्राय लघुपटांना त्यांनी दिलेले साहचर्य-संगीत ज्याने ऐकले, त्याला या मंदगतीचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही.

उचल आणि बरकत

अमेरिकेत ‘इंडी’ म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र, हे विशेषण मूळचे जमाखर्चाच्या वहीतले आहे. मोठी ध्वनिमुद्रण कंपनी नव्या बँडला भलीमोठी उचल देते. मग स्टुडिओ, चित्रफीत, दौऱ्याची मदत असा खर्च त्या उचलीच्या खाती पडत जातो. आणि वादकाच्या वाट्याच्या अल्प टक्क्यातून ती फिटेपर्यंत त्याच्या हाती पैसा येत नाही. बहुतेकांची ती कधी फिटतच नाही, आणि दोन ध्वनिमुद्रिका पडल्या की कंपनी हात झटकते. छोट्या कंपन्यांचा सर्वसाधारण रिवाज निराळा: खर्च बेताचा ठेवावा, तो वसूल झाला की उरलेला नफा निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. खर्चच थोडा असल्याने काही हजार प्रती खपल्या तरी बरकत दिसते. अर्थात हा व्यवहार चालण्यास काही हजार निष्ठावंत ग्राहक, त्यांना माल पुरविणारी स्वतंत्र दुकाने, त्यांच्या कानी गाणे घालणारी महाविद्यालयीन नभोवाणी आणि दोनशे माणसांच्या खोल्या, एवढे सर्व जागेवर असावे लागते. म्हणजे ज्याला आपण स्वतंत्र म्हणतो तो वादक खरे तर शंभर लहान लहान शेजाऱ्यांवर विसंबलेला असतो. एका बड्या धन्यावर विसंबलेला नसतो, एवढाच त्याचा स्वातंत्र्याचा पट्टा.

मॅटाडोर ही १९८९ साली ख्रिस लोम्बार्डी यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या घरातून सुरू केलेली कंपनी. जेरार्ड कॉस्लॉय पुढच्या वर्षी येऊन मिळाले. १९९१ साली निर्वाणा या रॉक बँडच्या यशाने बड्या कंपन्यांचे डोळे फिरले आणि मॅटाडोरलाही काही काळ ॲटलांटिक व नंतर कॅपिटल यांच्याशी भागी करावी लागली. ती पुढे सुटली. ‘पेनफुल’पासून यो ला टेंगो मॅटाडोरमध्येच आहेत. मालक आणि वादक दोघेही एकाच दुकानांत, एकाच खोल्यांत उठबस केलेले, हे त्या टिकण्याचे इंगित असावे. त्यांच्या श्रोतृवर्गाची जात ‘द अनियन’ या विनोदी वृत्तपत्राने २००२ साली नेमकी पकडली होती: यो ला टेंगोच्या कार्यक्रमात छत कोसळून ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील सदतीस कारकून दगावल्याची भीती आहे, असे खोटे वृत्त त्यांनी छापले. थट्टा बोचरी, पण तिच्यात त्या मंडळीच्या सगळ्या अर्थव्यवस्थेचे वर्णन आले आहे. ते सदतीस कारकून प्रत्येकी रोज शंभर गिऱ्हाइकांना काय ऐकावे ते सांगत असत.

फर्माईश

जर्सी सिटीत डब्ल्यूएफएमयू हे नभोवाणी केंद्र आहे. १९५८ साली ते अप्सला कॉलेजाच्या आश्रयाने निघाले. कॉलेज १९९५ साली दिवाळे निघून बंद पडले, परंतु केंद्राने आपला परवाना आधीच स्वतःच्या विश्वस्त संस्थेकडे घेतला होता, म्हणून ते वाचले. तेथे जाहिराती नाहीत, ठरावीक गाण्यांची यादी नाही; निवेदक बहुतांशी बिनपगारी, आणि ज्याला जे वाटेल ते तो लावतो. खर्च चालतो श्रोत्यांच्या वर्गणीवर, आणि ती जमविण्यास दरवर्षी वसंताच्या तोंडावर दोन आठवड्यांची मोहीम निघते. माझी मावसबहीण ज्या घरात राहते तेथून हे दप्तर फार दूर नाही, हे तिला मी सांगितले, तेव्हा ती आधी चकित झाली आणि मग म्हणाली, “मग लाव की, बघू काय लागतंय ते.” लागले ते कोठल्यातरी देशाचे लग्नातील सनईसदृश वाद्य होते, आणि त्यानंतर लगेच कर्कश गिटार. तिने आवाज थोडा कमी केला, पण बंद केले नाही.

या मोहिमेत १९९६ पासून यो ला टेंगो पुष्कळ वर्षे एक विलक्षण कामगिरी बजावीत आले. श्रोत्याने दूरध्वनी करून वर्गणी जाहीर करावी आणि गाण्याचे नाव सांगावे. स्टुडिओत बसलेल्या मंडळीने ते तत्काळ, तालमीवाचून, प्रक्षेपणात वाजवून दाखवावे. फर्माईश कोणाच्याही गाण्याची चालते. कोणाला ध्रुपद आठवते, कोणाला मधला स्वरक्रम, शब्द तर क्वचितच कोणाला पुरते येतात. मग एकजण सुरुवात करतो, दुसरा त्याच्या हाताकडे पाहून पट्टी धरतो, तिसरा ताल देतो, आणि गाणे लंगडत का होईना शेवटास जाते. असल्या प्रसंगी माणसाच्या कानात खरोखर काय साठले आहे ते उघडे पडते. तीस-चाळीस वर्षे दुकानांत, खोल्यांत, इतरांचे ऐकण्यात घालविली असल्यावाचून हा खेळ खेळता येणार नाही. या प्रक्षेपणांतील निवडक गाण्यांचे दोन संग्रह त्यांनी २००६ आणि २०१६ साली काढले. दोहोंच्या नावांत त्यांनी स्वतःच अभिजात गाण्यांच्या खुनाची कबुली दिली आहे. याच केंद्रावर १९९० साली डॅनियल जॉन्स्टन या, मनोविकाराने ग्रासलेल्या विलक्षण गीतकाराने दूरवरच्या आपल्या घरातून दूरध्वनीवर आपले गाणे म्हटले आणि स्टुडिओत यांनी साथ केली. तो ध्वनी खरखरीत आहे, ताल मागेपुढे होतो. साथीदारांनी गायकाला कोठेही ओढून आपल्या मापात बसविलेले नाही, हे त्यात ऐकण्याजोगे.

चाक फिरविण्याचे दिवस

२०११ सालच्या एका दौऱ्यात त्यांनी रंगमंचावर एक मोठे चाक ठेवले. प्रेक्षकांतून कोणालातरी बोलावून ते फिरवायचे आणि काटा जेथे थांबेल तसा कार्यक्रमाचा पूर्वार्ध करायचा, असा करार. शिकागोत काटा थांबला तो नाट्यवाचनाच्या घरावर. आणि संगीताचे तिकीट काढून आलेल्या माणसांपुढे या तिघांनी ‘साइनफेल्ड’ या दूरचित्रवाणी मालिकेतील चिनी उपाहारगृहाचा सबंध भाग वाचून, करून दाखविला. श्रोते चक्रावले. वास्तविक करार पाळला नसता तरी कोणी कोर्टात गेले नसते.

अलीकडे त्यांनी निर्मातेही दूर ठेवले आहेत. होबोकेनच्या तालमीच्या खोलीतच यंत्रे मांडली आहेत. २०२० च्या साथीत तेथे मध्यभागी एकच ध्वनिग्राहक ठेवून, तिघे भोवती बसून, आधी काही न ठरविता जे वाजविले ते त्यांनी तसेच प्रसिद्ध केले. २०२३ ची ‘धिस स्टुपिड वर्ल्ड’ ही मोठी ध्वनिमुद्रिकाही घरचीच. तिच्यात तिघे एकत्र वाजवीत असल्याचा जो खडबडीतपणा आहे, तो मला पूर्वीच्या काही गुळगुळीत ध्वनिमुद्रिकांहून अधिक भावतो. तिच्या दौऱ्यात पाहुणे नसत. दोन भाग होत, पहिला मंद आणि दुसरा प्रचंड. मध्ये सुटी. त्या सुटीत चाणाक्ष प्रेक्षक बारवर जाऊन कानात घालावयाचे बोळे मागून घेत, आणि नवखे मद्य मागत.